मागच्या रांगेतला आवाज

ता. ४ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

तुझा बाप सकाळीच दुकानात आला आणि इस्त्री केलेल्या कॉलरांच्या गठ्ठ्यावर बसला. तेव्हाच ओळखलं, काहीतरी बिनसलंय. पाहुण्यांसमोर संगीतशाळेचं गौरवगीत चालू असताना तू मध्येच आपलं कडवं घुसडलंस म्हणे, ‘उभं राहून पाय सुजले, बसा म्हणेना कोणी’. मला हसू फुटत होतं, पण त्याच्यासमोर दोरा दातात धरून ठेवला.

प्राचार्यांना लेखी माफी हवी आहे, नाहीतर नाव कमी. माफी तुझ्या बापानेच लिहून ठेवलीय, नुसती सही उरलीय. अडला हरी, दुसरं काय! माझं ऐक, सही करून टाक. एकदा प्रमाणपत्र हातात पडलं की हवं ते लिही नि हवं तितक्या वरच्या पट्टीत गा. पाळण्यात तू रडायचीस तेव्हा मशीनवरचा माझा पाय थांबायचा. एवढासा कागद तुझा गळा काय धरणार!

जेवत जा. लोभ घट्ट टाक्यांचा आहे, उसवायचा नाही.

तुझी आत्या

ता. २० मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सही केली. गाण्याच्या बाईंनी मला समूहगानात परत घेतलं, मागच्या रांगेत. अट एकच: ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही. मी हो म्हटलं. पूर्वी भांडले असते. आता भांडणं आठवतात, राग आठवत नाही. जेवते, झोपते, कपडे वाळत घालते. नवीन काही लिहिलेलं नाही.

परवा कार्यक्रम झाला. मी कडवं घुसडलं होतं ती जागा आली आणि गेली. मी तेव्हा वसतिगृहाच्या न्हाणीघरातल्या तुंबलेल्या मोरीचा विचार करत होते. बाबा दुसऱ्या रांगेत बसले होते. नंतर पाठीवर हात ठेवून म्हणाले, एवढ्या पोरींत तुझा आवाज मी बरोबर ओळखला. मी बरं म्हटलं.

तू त्यांना काही सांगू नकोस. आणि विचारशील म्हणून लिहिते, रडले नाही. आहे तो लोभ राहू दे.

तुझी भाची

ता. २७ मार्च

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मशीनच्या झाकणाखाली आणि तुझा बाप समोर, अशी माझी गत. गिऱ्हाईक मापं द्यायला आलं की हा तुझ्या आवाजाचं कौतुक सुरू करतो. एका बाईंच्या दंडाचं माप मी चुकले. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलायचं कुणाला?

सही कर म्हणणारी मीच. वाटलं, आत्ता आवळून शिवलेलं पुढं सैल करता येतं. कापडाचं येतं गं. गळ्याचं मला कुठं ठाऊक!

सुट्टीत घरी ये आणि त्याला तूच सांग. मी सांगितलं तर तो माझ्यावर चिडून मोकळा होईल, नि तुझं राहूनच जाईल. डोळे तुझ्या वाटेकडे.

आत्या

ता. १२ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

घरी आले. दुकानात गिऱ्हाइकांसमोर बोलता येणार नाही, म्हणून लिहिते. सांगावं लागलंच नाही. शेजारचे काका-काकू बसले होते. बाबांनी मला गौरवगीत म्हणायला लावलं आणि चमच्याने टेबलावर ताल धरला. मी तोंड उघडलं. ओठ शब्दन्‌शब्द बरोबर हलले. आवाज आला नाही. मुद्दाम नाही केलं, आत्या.

अर्ध्यावर चमचा थांबला. काकू म्हणाल्या, घसा बसला असेल. ती दोघं गेल्यावर बाबांनी विचारलं, कधीपासून. मी म्हटलं, सही केल्यापासून. मग ते बराच वेळ तो चमचा पुसत बसले.

शाळेत परत जायचं की नाही, कोणी बोलत नाही. रोज सकाळी बाबा बाहेर पायरीवर जाऊन बसतात आणि जाताना दार ओढून घेतात, मी एकटीने आवाज लावून बघावा म्हणून. सुरुवातीला नुसता वारा यायचा. आज थोडा आवाज निघाला. फाटका होता. आनंदबिनंद काही झाला नाही. बाहेर बाबा खोकले नाहीत, हललेही नाहीत. मग मी तोच पुन्हा लावला.

बाबांचा नमस्कार. माझ्यावर जीव आहे तसाच असू दे.

तुझी भाची