ओढ्याची कविता आणि माझा उजवा कोपर

सोमवार, ३ फेब्रुवारी
उजवा कोपर दुखतो म्हणून फिजिओथेरपीवालीकडे गेलो. टेनिस एल्बो म्हणे. टेनिसची रॅकेट मी आयुष्यभर दुकानाच्या काचेतूनच पाहिली. पोरगी पंचविशीची, मला आजोबा म्हणाली. दुखणं कवितांची वही लिहून काढल्यामुळे आलं, असं तिला सांगितलं. बायकोने मध्येच तोंड घातलं: वही कसली, शाळेचं जुनं पुस्तक सापडेना म्हणून अडकलेला ड्रॉवर तासभर ओढत होते हे. पुस्तक टेबलावर होतं.

काम गंभीर आहे. दोन मार्चला आमच्या शाळेत वर्गमित्रांचा मेळावा. चौथीच्या बाई येणार, वय त्र्याण्णव. बाई रोज सकाळी फळ्यावर कविता लिहायला मलाच उभं करत. चाळीस पोरांत फक्त मला. तो खडूचा वास, कौलांतून फळ्यावर उतरणारं ऊन. याही वेळी ओढ्याची कविता मीच फळ्यावर लिहिणार, असं ग्रुपवर जाहीर केलंय.

मंगळवार, ४ फेब्रुवारी. सकाळी ६
व्यायामाचा कागद वाचला. हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेच्या बाहेर. मुठीत अर्धा किलो वजन. मनगट सावकाश खाली सोडा. पंधरा वेळा, दिवसातून तीनदा. अख्ख्या कागदात एक विशेषण नाही. संकल्प: पंधरा नव्हे, पंचवीस.

सकाळी ६.१०
उद्यापासून.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
सुरुवात झाली. वजन म्हणून साखरेचं पाकीट. उजवा फारच दुखतो, म्हणून डाव्याने केले. पुढच्या बाकावरचा पाठ म्हणू लागला की मागच्याच्या कानावर पडतोच.

रविवार, ९ फेब्रुवारी
बायकोने पाहिलं. म्हणाली, अहो, दुखतोय कुठला आणि हलवताय कुठला? रक्त दोन्हीकडे एकच फिरतं, हे शांतपणे समजावलं. ती पाकीट घेऊन गेली, चहाला साखर हवी होती. या घरात साधनेला किंमत नाही. वाणसामानाची यादी मात्र तीच लिहिते. माझं अक्षर असल्या कामाला वापरणं तिला प्रशस्त वाटत नसावं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
जावयाचा फोन. बाबा, कोपराला बांधायचा पट्टा मिळतो, पाठवू का? याची सही मी पाहिली आहे. मुंगी शाईत पडून तशीच घरी चालत गेल्यासारखी. हा मला हाताबद्दल शिकवणार. नको म्हटलं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
फिजिओवालीने दोन्ही हातांची पकड तपासली. डावी उत्तम, म्हणाली. अभिमान वाटला. मग विचारलं, आजोबा, उजव्याने किती वेळा केलंत? तत्त्वतः रोज, म्हणालो. ती हसली. हल्लीच्या पोरांना तत्त्व म्हटलं की हसूच येतं. टॉवेल पिळायचा नवा व्यायाम दिला. धुणं मी बहात्तराव्या वर्षी सुरू करणार नाही.

बुधवार, २६ फेब्रुवारी
उजव्या हाताने कप उचलला. फुटला. कपच हलक्या प्रतीचे आणते ही.

शनिवार, १ मार्च
खडूला असं वजन ते काय असतं? पूर्ण तयारी आहे.

रविवार, २ मार्च. संध्याकाळ
वर्ग तोच, बाक नवे. बाई पहिल्या बाकावर, शाल पांघरून. बायको मागे. खडू घेतला, हात वर नेला. 'ओढा'तला ओ पुरा होण्याआधीच कोपरातून कळ गेली आणि खडू खाली पडला. डाव्या हाताने उचलला. महिन्याची मेहनत होतीच. आठही ओळी लिहिल्या. एकही सरळ गेली नाही, शेवटची तर फळ्याच्या चौकटीवर चढली. मागून कुणीतरी खुदकन हसलं.

बाईंनी चष्मा पुसला. सगळं वाचलं. म्हणाल्या, हे अक्षर मी कुठेही ओळखीन.

मी वळून बायकोकडे पाहिलं.

मग बाई सगळ्यांना सांगू लागल्या: वर्गात सगळ्यांत भिकार अक्षर याचं. म्हणून रोज फळ्यापाशी उभा करायची. वर्षभर गिरवून घेतलं, काडीचा फरक पडला नाही. सगळे माना डोलावत होते. कुणालाच आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. बायकोलाही नाही.

बाईंनी जवळ बोलावलं, दंडाला धरलं आणि म्हणाल्या, उद्यापासून रोज दहा ओळी काढायच्या.

हो बाई, म्हणालो. कुठल्या हाताने, ते विचारायचं राहिलं.