रस्त्याकडच्या तीन खोल्या अलीझाला

मी खातूनबी, मरहूम अकरम बागवान यांची पत्नी, वय ७१, राहणार लातूर, धंदा दाईपणा व मयत बायकांना गुसल म्हणजे शेवटची अंघोळ देणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. मुलगा मकसूद वेगळं सांगेल, ते ऐकू नये. रेशनकार्डावर त्याने माझा धंदा ‘घरकाम’ लिहवला, तेही खोटं आहे.

१. राहतं घर माझ्या कमाईचं. मकसूद त्यात ट्यूशनच्या मुलींचं वसतिगृह चालवतो. मुखेड, नायगावच्या पोरी डॉक्टर व्हाव्यात म्हणून त्यांच्या बापांना हात जोडून बोलावतो. स्वतःच्या मुलीला, अलीझाला, नांदेडला नर्सिंगला प्रवेश मिळाला, तर म्हणतो, “आपल्यात बाया कामाला जात न्हाईत, अम्मी. दीनमध्ये न्हाई ते, आपल्या धर्मात.” पोरगी आठ दिवस नीट जेवली नाही. मला त्याची शरम वाटते.

२. त्याच्या माहितीसाठी लिहिते. पैगंबरांच्या पत्नी बीबी खदीजा व्यापार करत. उम्मे अतिय्या लढाईत जखमींची शुश्रूषा करत, आणि पैगंबरांच्या लेकीला गुसल देणाऱ्यांत त्या होत्या. त्र्याण्णवच्या भूकंपात किल्लारीकडे पाच दिवस मी तेच काम केलं. ढिगाऱ्यातून काढलेल्या बायकांना परक्या पुरुषांनी गुसल कसा द्यायचा? म्हणून मला न्यायला ट्रक आला. तेव्हा कोणी दीन शिकवला नाही. मकसूद तेवढा कुरकुरत होता, घरी जेवायला कोण वाढणार म्हणून.

३. मी सगळं घर अलीझाला देईन या धास्तीने त्याने मौलवीसाहेबांना आणून मला कायदा ऐकवला: मृत्युपत्राने तिसराच हिस्सा देता येतो, तोही वारसाला नाही. कबूल. पण बाप हयात असताना नात वारस नसते, एवढं विचारायचं त्या शहाण्याला सुचलं नाही. म्हणून रस्त्याकडच्या तीन खोल्या, म्हणजे घराचा बरोबर तिसरा हिस्सा, वसतिगृहाच्या दारासकट अलीझाला. मकसूदने भाडं तिला द्यावं, नाहीतर पाटी उतरवावी. त्यावर ती शिकेल. उरलेलं घर त्याचं.

४. माझी दाईपणाची पेटीही तिलाच. कात्री मात्र नवी घे, बेटा.

ठिकाण: लातूर. दि. १४ जून २०१२.
सही: खातूनबी

साक्षीदार: बायकांची साक्ष अर्धी, असं मकसूद नक्की म्हणणार. साक्षीला दोघं पुरतात, म्हणून मी चौघी बसवल्या. चौघीही कामावरून रजा टाकून आल्या.

उमादेवी, परिचारिका
जिक्रा, शिक्षिका
कमलम्मा, एसटी वाहक
सृष्टी, वकील