मागच्या वाटेची धमनी

प्रिय धांदल्या,

एवढा मोठा सर्जन झालास तरी माझ्यासाठी तू धांदल्याच, तेव्हा तोंड वाकडं करू नकोस. काल तुझ्या खोलीत तू हातातलं पेन सारखं उघडत-मिटत होतास आणि शेवटी म्हणालास की मॅडम, तुम्ही दुसऱ्या कुणाकडून ऑपरेशन करून घ्या, माझा हात तुमच्यावर चालायचा नाही. शेजारी आमचे हे बसले होते म्हणून वाचलास. नाहीतर वर्गात झापायचे तसं झापलं असतं.

घरी आल्यावर स्कॅन मी स्वतः बघितला. स्वादुपिंडाच्या डोक्यातली गाठ आहे तिथं आहे, तिच्याकडे काय बघायचं? मी धमन्या बघत होते. आणि काय सांगू, हसूच आलं मला! यकृताच्या उजव्या भागाला रक्त नेणारी माझी धमनी नेहमीच्या जागेवरून निघतच नाही. ती निघते खालून, आतड्याच्या मोठ्या धमनीतून, आणि स्वादुपिंडाच्या मागून लपतछपत वर जाते. अख्खी नोकरी मी पोरांना ओरडून सांगितलं की शंभरातल्या दहा-पंधरा जणांत ही अशी असते, जपा रे बाबांनो. आणि ती निघाली माझ्याच पोटात! काखेत कळसा नि गावाला वळसा. यांना दाखवलं तर म्हणाले, तू सरळ वाटेनं गेलीस कधी? आम्ही दोघंही हसलो. मग हे उठून बाल्कनीत गेले ते बराच वेळ आत आले नाहीत.

तू पहिल्या वर्षाला असताना डिसेक्शन हॉलमध्ये टेबलावरच्या प्रेतातली हीच धमनी कापली होतीस, आठवतं? पुस्तकात इथं काही दाखवलेलं नाही म्हणून खुशाल सुरी घातलीस. या माणसानं तुझं पुस्तक वाचलं नव्हतं रे, असं मी म्हटलं आणि सगळा वर्ग खो-खो हसला. तू रडकुंडीला आलास. पण सगळे गेल्यावर तू परत त्या टेबलाशी आलास आणि पित्तनलिकेच्या मागं बोट घालून ती तुटकी धमनी कुठून कुठं जात होती ते शोधत बसलास. मी दारातून बघत होते. तुला कधी बोलले नाही, पण तेव्हा तुझं फार कौतुक वाटलं होतं. तुझ्याहून हुशार सर्जन असतीलही. पण ही धमनी न बघता कशी कापली जाते ते तुझ्या हाताला ठाऊक आहे. म्हणून मी तुझ्याकडे आले. तेव्हा ऑपरेशन तूच करायचंस, नखरे नकोत.

आता खरं सांगते, मला भीती वाटते. मरणाची तर वाटतेच, पण तुझ्या मायेची जास्त वाटते. माझ्यासाठी म्हणून तू नको तेवढा पुढं जाशील. गाठ धमनीला नुसती टेकलेली असली तर सावकाश सोडव. वेढून बसली असली तर तिथंच थांब. धमनी तोडून नवी जोडायचं धाडस माझ्यावर करू नकोस. मला नळ्यांच्या गराड्यात जायचं नाही. पोट शिवून टाक आणि घरी पाठव. उरतील ते महिने मला यांच्यासोबत काढायचे आहेत. हे रोज विचारतात, सगळं निघेल ना गं? मी हो म्हणते. तसं झालं नाही तर यांच्या शेजारी बसून तूच सांग, घाई न करता.

मला मात्र तू काही सांगायचं नाहीस. ते तुला जमणार नाही, मी ओळखते ना तुला, म्हणून तर हे पत्र लिहिलं. माझी केस सकाळी पहिली लाव आणि नंतर माझी खाट खिडकीजवळ ठेवायला सांग. हे ऑपरेशन पूर्ण झालं तर दिवस कलतो. मी शुद्धीवर येईन तेव्हा खिडकीत सकाळचंच ऊन असलं, तर काय ते मला समजेल. तू नुसता येऊन जवळ उभा राहा.

तुझीच, तुझ्यावर ओरडायचा हक्क अजून न सोडलेली,
मॅडम