दोनदा घातलेलं तेल

तीर्थरूप धाकट्या मामांना,

सध्या सातच अंगांनी नमस्कार. आठवं अंग, म्हणजे उजवा गुडघा, सुजून भोपळा झालाय. सूज उतरली की साष्टांग पुरा करीन. तुमची कंबर कशी आहे? मामींचा राग कसा आहे? (दोन्ही जुनी दुखणी, दोन्ही थंडीत उचल खातात, म्हणून एकदमच विचारतो.) इकडे आई बरी आहे. बाबाही बरे असावेत. माझ्याशी बोलत नाहीत, त्यामुळे खात्रीनं सांगता येत नाही.

पत्राचं कारण निव्वळ तांत्रिक आहे. तुम्ही तरुणपणी मातीत गाड्या उडवल्यात (आई म्हणते, गाड्या कमी आणि हाडं जास्त), म्हणून तुम्हालाच विचारतो. मौजेसाठी आणि जमलं तर शर्यतीसाठी टू-स्ट्रोक मोटारसायकल घ्यायची तर पंच्याऐंशी सीसीची बरी की सव्वाशेची? एवढाच प्रश्न आहे. पण मागचंपुढचं कळल्याशिवाय तुम्ही सल्ला देणार नाही, म्हणून थोडं मागून सांगतो.

कॉलेज मी का सोडलं, याबद्दल नातेवाइकांत बरंच काही बोललं जातं. खरी हकिकत अशी की इंजिनाच्या तासाला सर म्हणाले, टू-स्ट्रोक हे मेलेलं इंजिन आहे, त्यावर वेळ घालवू नका. माझं डोकं फिरलं. उभा राहून बाणेदार असं काहीतरी बोललो (काय ते आता आठवत नाही, पण बाणेदार होतं), वही आपटली आणि धाडकन दार ओढून बाहेर पडलो. म्हणजे तसं मला वाटलं. ते दार झाडूंच्या खोलीचं होतं. आता परत बाहेर यायचं कुठल्या तोंडानं? तास संपेपर्यंत आत झाडूंबरोबर उभा राहिलो. त्यानंतर त्या इमारतीत पाऊल टाकणं शक्य नव्हतं, हे तुम्हीही मान्य कराल. बाबांनी मान्य केलं नाही. तेव्हापासून ते माझ्याशी आईमार्फत बोलतात. मी समोर बसलेला असलो तरी म्हणतात, “त्याला सांग, पंखा बंद कर.” आई मला सांगते, मी पंखा बंद करतो, आणि बंद केल्याचं आईला कळवतो.

तर गाडी. लाकडाच्या वखारीमागे जुन्या डर्ट बाइकचं, म्हणजे मातीत पळवायच्या गाड्यांचं, एक दुकान आहे. दुकान एका काकांचं, पण चालवते त्यांची मुलगी. तिला सगळे कप्तान म्हणतात. ती स्वतः शर्यतीत उतरते, स्वतः इंजिन उघडते, आणि प्लग साफ करून त्यावर अशी फुंकर मारते की आपण प्लग का झालो नाही असं वाटतं. (हे मामींना वाचून दाखवू नका.) मी गाडी बघायला गेलो आणि बघतच राहिलो. गाडी ठरली की गिऱ्हाईक संपलं, हे लक्षात आल्यावर रोज जाऊन गाड्यांना नावं ठेवू लागलो. हिचं हँडल रुंद, तिची सीट उसवलेली, तिसरीचा आवाज मनाला भिडत नाही. शेवटी कप्तान हातातला पाना खाली ठेवून म्हणाली, “तुला गाडी घ्यायचीय की सोयरीक जमवायचीय? पत्रिकाच बघायची राहिलीय नुसती.”

दुकानात सगळे हसले. माझे कान तापले. रुबाब राखायला मी कोपऱ्यातल्या अडीचशेच्या धुडावर बोट ठेवलं. ती म्हणाली, “ही घेतलीस तर वळणावर गाडी पुढे जाईल आणि तू मागे राहशील. टू-स्ट्रोक तुझ्यासारखीच असते. आधी काहीच नाही, आणि मग एकदम सगळंच. तू पंच्याऐंशीची घे. हलकी आहे, पडलास तर उचलता तरी येईल.” मी म्हटलं, ती तर पोरांची! “मग? पडून पोरंच शिकतात.” झालं. डोकं सटकलं आणि मी ओरडलो, “हीच दे!” इतक्या दिवसांची निवड एका रागात आटोपली. तिच्यावर बसलो की माझे गुडघे कानांशी गप्पा मारतात. सर्कशीतल्या अस्वलाची सायकल याहून मोठी असते.

पण नेताना कप्तान म्हणाली, रविवारी नवख्यांची शर्यत आहे, ती पुरी केलीस तर आमच्या संघात ये. संघात म्हणजे रोज संध्याकाळी दुकानात, मामा! आता शर्यत पुरी करणं हा माझा जीवनमरणाचा प्रश्न झाला. तिनं बजावून सांगितलं होतं की या इंजिनात तेल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं, कमी पडलं तर इंजिन जाम, जास्त झालं तर नुसता धूर. मी शनिवारी जीव ओतून मापानं मिसळलं आणि कॅन शेडमध्ये, चादरीखाली झाकलेल्या बाबांच्या जुन्या स्कूटरशेजारी ठेवला.

रविवारी रांगेत माझ्या बाजूला दोन वेण्यांची एक शाळकरी मुलगी होती. ती मला म्हणाली, “काका, जरा सरका ना.” (मी विशीतला आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे.) गाडी चालू केली आणि असा धूर निघाला की शर्यत सुटायचं फाटक पडलेलं कुणालाच दिसलं नाही. डास मारायला गाडी आलीय असं एक प्रेक्षक म्हणाला. पहिल्या उंचवट्याच्या अलीकडेच गाडी खोकली आणि गप्प झाली. मी रागानं किक मारत सुटलो. शेवटची किक उलटी आली, तोच हा गुडघा. पण कप्तान शर्यत पुरी कर म्हणाली होती. बसून कर असं म्हणाली नव्हती. मी गाडी ढकलत निघालो. सगळे उंचवटे, सगळा चिखल. बाकीचे घरी जायला निघाले तेव्हा मी लंगडत रेघ ओलांडली. अडीचशेची घेतली असती तर अजून तिथेच असतो.

कप्तान हसून हसून बसली होती. मग तिनं प्लग काढला, पेट्रोल बोटावर घेऊन पाहिलं आणि म्हणाली, “दोनदा तेल घातलंयस.” मी म्हटलं, एकदाच! आमचं चांगलंच वाजलं.

घरी आलो. बाबा पेपरामागून आईला म्हणाले, “त्याला विचार, गाडी पळाली का.” मी आईला सांगितलं, नुसता धूर झाला. पेपर खाली आला. “धूर कसा होईल? मी झाकणानं मोजून...” एवढं बोलून पेपर पुन्हा वर गेला.

मामा, त्यांनी कॅन पाहिला, कॉलेज सोडलेल्या गाढवानं तेल घातलं नसणार असं धरून चालले, आणि आपल्या स्कूटरच्या सवयीनं गुपचूप घालून ठेवलं. अविश्वास आणि माया, दोन्ही एकाच झाकणानं मोजलेली. मी पंखा बंद केला. त्यांनी सांगितलं नव्हतं, तरी.

तर पंच्याऐंशी की सव्वाशे, ते कळवा. मामींना नमस्कार.

तुमचा,
लंगडा भाचा

ता. क. सव्वाशेचं राहू द्या. मी ही गाडी सोडणार नाही.

ता. क. दुसरा. खरं काम वेगळंच आहे. कप्तानला तेलाचा प्रकार सांगितला. ती म्हणाली, “घरात तेल घालणारा जाणता माणूस आहे, मग एकटा काय येतोस? त्यांना घेऊन ये, तरच संघात.” आता त्यांना मी विचारू कसा? आई म्हणते, पंख्याचे निरोप पोचवीन, पेट्रोलचे नाही. तेव्हा तुम्हीच बाबांना दोन ओळी लिहा, आणि मी सुचवलं असं चुकूनही कळू देऊ नका. हे पत्र त्यांच्या नजरेस पडू नये म्हणून आईच्या हाती टाकायला देतो आहे.

ता. क. तिसरा. मी याचा बाप. हिने पत्र टाकायला माझ्याकडे दिलं. पाकीट उघडं होतं. त्याला कळवा, येत्या रविवारी तेल मी घालीन, त्याने कॅनला हात लावू नये. मुलगीही पाहून येईन. हे मात्र त्याला कळवू नका, पुन्हा झाडूंच्या खोलीत जाऊन उभा राहील.