लाईट आल्यावरचे दोन सेकंद

१२ मार्च
पिंगळीत आज इतिहास घडला. चुलत वहिनींच्या, म्हणजे पार्वतीबाईंच्या, कडबाकुट्टी मशीनला मी स्वतः बनवलेला ऑटोमॅटिक डबा बसवला. बटन दाबलं की मशीन तीन मिनिटं चालणार आणि आपोआप बंद. आतली छोटी चिप रिले, म्हणजे मोटरला वीज देणारी कळ, चालू-बंद करते. वहिनी म्हणाल्या, भावजी, लय भारी. कॉलेजात वीस वर्षं लॅब असिस्टंट आहे, तिथे असं कुणी म्हणालेलं नाही.

१५ मार्च, सकाळी
वहिनींचा फोन. लाईट जाऊन आली की मशीन आपणच फिरायलीय, दोन सेकंदांनी थांबायलीय. व्होल्टेजचा प्रॉब्लेम, असं सांगितलं. परभणी जिल्ह्यात हे वाक्य कुणी खोडून काढत नाही.

१५ मार्च, दुपारी
पुस्तक काढलं. लाईट आल्यावर चिपला जागं व्हायला दोन सेकंद लागतात. तोवर रिलेला हुकूम देणारं कुणीच नाही, ती चालूही होऊ शकते. म्हणून तिथे एक रेझिस्टर लावून तिला बंदच धरून ठेवायचं. हे मला माहीत होतं. घाईत राहिलं. ड्रॉवरमध्ये शंभर रेझिस्टर पडलेत. दहा मिनिटांचं काम. उद्या.

१८ मार्च
कॉलेजात प्रॅक्टिकल परीक्षा. रविवारी नक्की.

२३ मार्च, रविवार
पोखर्णीला दर्शनाला गेलो. हात जोडले आणि रेझिस्टर आठवला. देवानेच आठवण दिली म्हणजे काळजी त्यालाही आहे. बरं वाटलं.

२६ मार्च
कुट्टीत कडबा अडकला. लाईट गेलेली, म्हणून वहिनींनी निर्धास्त हात घातला. तेवढ्यात लाईट आली.
उजव्या हाताची दोन बोटं. परभणीला नेलं. एका बोटाला टाके, दुसऱ्याचं पेर गेलं.
जेवलो नाही. म्हणजे भाकरी खाल्ली, भाजी नाही.

२७ मार्च
खरं सांगायचंच, असं ठरवून दवाखान्यात गेलो. वाक्य बसमध्ये पाठ केलं : वहिनी, चूक माझी आहे. मी पोचलो तेव्हा वहिनी आपल्या मुलीला, माधवीला, सांगत होत्या, “भावजींचा डबा होता म्हणून दोन सेकंदात बंद तरी झाली. न्हाईतर पंजा गेला असता.”
माधवी माझ्या पाया पडली. आशीर्वाद दिला. पेशंटला धक्का देऊ नये, म्हणून बाकीचं बोललो नाही.

३० मार्च, पाडवा
संकल्प : आज खरं बोलायचं.
आधी वहिनींच्या गोठ्यात जाऊन रेझिस्टर लावला. नऊ मिनिटं लागली. मेन स्विच वीस वेळा बंद-चालू केला. मशीन एकदाही आपणहून फिरली नाही.
वहिनींनी डाव्या हाताने चहा आणून दिला. काय केलंत, विचारलं.
“सर्व्हिसिंग,” मी म्हणालो.
“मंग आधीच करायची होती की, भावजी.”
सहज म्हणाल्या. चहा संपेपर्यंत मी बशीकडेच बघत होतो.