‘झ’ची शेपटी

प्रिय शहाणे,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस ना? आता फाडायचंच असेल तर वाचून फाड.

मी कॉलेज सोडलं तेव्हा म्हणाली होतीस, डोकं थंड ठेवायला शीक, नाहीतर कुठेच टिकणार नाहीस. टिकलोय बघ. गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्या एका कंपनीत आहे. हसू नकोस. सल्ला मी देत नाही, माझा सल्ला आमची आईसुद्धा घेत नाही. मी पाकिटांवर पत्ते लिहायचो. मग साहेब कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि एकच धोशा लावला. म्हणे, आकडे काय, हल्ली कुणालाही मोबाइलवर दिसतात. ग्राहकाला हवा असतो जिव्हाळा, आणि जो घरचा वाटेल तोच वाढेल. त्यांनी माझं अक्षर पाहिलं, माझ्याकडून सगळी अक्षरं, जोडाक्षरं, काना-मात्रा लिहून घेतल्या आणि संगणकात घातल्या. आता कुणाला बाळ झालं, कुणी घर घेतलं, की सल्लागार ताई बटण दाबतात आणि यंत्र खऱ्या पेनाने, खऱ्या शाईने माझ्या अक्षरात शुभेच्छापत्र लिहितं. मी हाताची घडी घालून बघत बसतो. आपल्याच हाताचं भूत बघावं तसं.

ग्राहक मात्र खूश. वाढलेतही. गेल्या आठवड्यात तुझे बाबा आले होते, निवृत्तीचं कार्ड मिळाल्यापासून तेही आमच्यावर खूश. ताईंना म्हणाले, आजकाल एवढ्या आपुलकीनं कोण लिहितं हो, पोरगं संस्कारी दिसतंय! मी दोन टेबलं सोडून बसलो होतो. याच संस्कारी पोराला त्यांनी टुकार म्हणून तुमच्या फाटकातून हाकललं होतं. डोकं असं सणकलं! उठलोच होतो, तेवढ्यात ते म्हणाले, मुलीचं लग्न ठरलंय. मी खाली बसलो. ताईंनी हसत हसत नोंद केली.

म्हणजे कार्ड येणार. तुला आणि त्याला. ‘आपल्या नव्या प्रवासात आम्ही सदैव सोबत आहोत.’ माझ्या अक्षरात. तुला वाटेल, मेल्याने जाताजाता टोमणा मारला. तुझी शपथ, तो मी नाही.

एकच अक्षर मी कंपनीला दिलं नव्हतं. माझा झ. शेपटी पार पुढच्या अक्षराखाली जाते म्हणून तू चिडवायचीस ना, तुझा झ पाय पसरून बसतो म्हणून? तो. नमुन्यात मी शाळेच्या पुस्तकातला सरळ झ लिहून दिला. पण काल साहेबांनी माझा रजेचा अर्ज वाचला. ‘माझ्या’ या शब्दावर बोट ठेवून म्हणाले, अरे, हा बघ किती जिवंत आहे, मशीनमधला अगदीच मेलेला वाटतो. उद्या हाच दे. मी भांडायला हवं होतं. तोंडातून निघालं, हो सर. आयुष्यात पहिल्यांदा डोकं थंड राहिलं गं, आणि मलाच माझी भीती वाटली.

दुपारी झ द्यायचाय. त्यानंतर माझ्या अक्षरात तुला काहीही आलं, तर ते मी लिहिलंय की कंपनीने, हे तुलासुद्धा ओळखता येणार नाही. म्हणून आत्ता, सकाळीच लिहायला बसलो. लग्न मोड, उत्तर पाठव, असलं काही मागत नाही. फक्त खालचा झ नीट बघून घे. एवढा एकच माझ्याकडे उरलाय, तोही दुपारपर्यंत.

तुझाच