तारामतीच्या दारापर्यंत

५ ऑगस्ट, लातूर
मांडीचं हाड आतून पोखरलंय. सात वर्षांपूर्वी काढलेला छातीचा कॅन्सर आता हाडात उतरलाय. डॉक्टर म्हणाले, "मोडायच्या आधी आत सळई बसवू. आजार यानं जाणार नाही. पण दुखणं कमी होईल, चालाल."
"अजून किती दिवस?" मीच विचारलं. शेजारी बसलेल्या यांनी मान फिरवली.
डॉक्टर म्हणाले, "कुणाला वर्ष मिळतं, कुणाला दोन-तीन. नक्की नाही सांगता येत."
वर्ष. पहिली आठवली ती तारामती.

६ ऑगस्ट
माझ्या पाठची बहीण. सहा वर्षं बोलणं नाही. तिच्या लेकीनं, सृष्टीनं जातीबाहेर लग्न केलं. मी गेले तर नाहीच, वर तारामतीला म्हणाले, "माझी पायरी चढू नकोस." ती चढली नाही.

८ ऑगस्ट
उद्या ऑपरेशन. हे म्हणाले, "मुदखेडला तारामतीला फोन लावू का?" नको. खाटेवर पडून माफी मागितली तर ती बिचारी नाही कशी म्हणेल? चालत जाऊन मागायची आहे.

१२ ऑगस्ट
वॉकर धरून सहा पावलं. दरदरून घाम. सिस्टर म्हणाली, "काकू, बसा आता." अजून दोन टाकली.

१४ सप्टेंबर
रेडिएशन संपलं. ठणका बराच कमी. काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. मग उगाच रडू आलं. लहानपणी मी तारामतीची वेणी घालायचे. केस दाट, विंचरताना ओढले जायचे. ओरडायची, पण आईकडे जायची नाही. माझ्याचकडे यायची.

२ ऑक्टोबर, मुदखेड
हे मला फाटकाशी सोडून थांबले. तारामती अंगण झाडत होती. पाठ केलेलं सगळं विसरले — "चूक माझी," एवढंच निघालं.
खराटा टाकून आली. "आक्का, पाय असा, अन् आलीस? उभी नको राहू. आधी बस."
सृष्टीला फोन लावून दिला. तिनं मावशी म्हणून हाक मारली. हे आमच्या दुकानासाठी लातूरला परतले. मी राहिले.

३ ऑक्टोबर
सकाळी तारामतीनं माझा हात धरून स्वतःच्या छातीवर ठेवला. गाठ.
"चार महिने झाले आक्का. कुणालाच सांगितलं न्हाई. भ्या वाटतं."
यांना फोन करून सांगितलं, मी एवढ्यात परत येत नाही. बहिणीला घेऊन नांदेडच्या दवाखान्यात चालले आहे.